तळपायाची आग, बोटांचा बधिरपणा: आधी पायावर रेघ काढा

प्रश्न एका शिक्षिकेचा आहे. वय ५१, पूर्ण शाकाहारी. आठ महिन्यांपासून रात्री दोन्ही तळपायांची आग होते, बोटं बधिर वाटतात, उजव्या पायाची जरा जास्त. पायात काही नसतानाही मोजा घातल्यासारखं वाटतं. उपाशीपोटी साखर ११२, बी-१२ २३८. एमआरआयमध्ये एल-४ एल-५ला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मध्ये, डिस्क बल्ज (गादीचा फुगवटा) आणि नस किंचित दबलेली. 'नसांच्या' गोळ्या तीन महिने घेतल्या, फरक नाही. ॲसिडिटीची गोळी चार वर्षांपासून रोज चालू आहे. सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे, काशाच्या वाटीने तळवे घास. एका डॉक्टरांनी मणक्याच्या ऑपरेशनचा विचार करायला सांगितलंय. प्रश्नाची शेवटची ओळ आहे: "ऑपरेशन करू का?"

ताई, उत्तर या शेवटच्या ओळीपासून सुरू करतो. आज तो निर्णय घेऊ नका. ऑपरेशन कधीच लागणार नाही असं मी म्हणत नाही, तुम्हाला तपासल्याशिवाय ते म्हणता येणार नाही. पण तुमची तक्रार आणि एमआरआयमधला तो बल्ज यांचा संबंध अजून कोणी दाखवून दिलेला नाही. तो दिसत नाही तोवर पाठीला सुरी लावायचं कारण नाही.

तुमची खरी अडचण मला वेगळी दिसते. तुमच्याकडे तीन रिपोर्ट आहेत आणि तिन्हींत थोडं थोडं काहीतरी आहे. साखर किंचित वर, बी-१२ काठावर, मणक्यात जरासा फुगवटा. ज्याच्या हातात जो रिपोर्ट पडला त्याने त्याच्यावर बोट ठेवलं. पाय मात्र कोणी नीट तपासल्याचं तुमच्या लिहिण्यात कुठेच नाही. चप्पल काढायला लावून, दिव्याखाली पाय धरून, कापूस आणि ट्यूनिंग फोर्क (कंप जाणवतो का ते पाहायचा धातूचा काटा) लावून पाहिलं का? गुडघ्याच्या पुढच्या आणि घोट्याच्या मागच्या शिरेवर हातोडी मारून पाहिली का? त्याला दहा मिनिटं लागतात, आणि या तक्रारीत ती दहा मिनिटं एमआरआयपेक्षा जास्त सांगून जातात.

मी सत्तावीस वर्षं मेडिसिनची प्रॅक्टिस करतोय, त्यातला मोठा भाग मधुमेहाच्या आणि नसांच्या पेशंटचा. माझ्या टेबलावर एक बॉलपेन फक्त या कामासाठी असतं. पेशंटला डोळे मिटायला सांगतो, बोटांपासून वर कापूस फिरवत जातो आणि म्हणतो, स्पर्श जिथे बदलतो तिथे सांगा. तिथे टिंब. टिंबं जोडली की पायावर एक रेघ तयार होते. ती रेघ कुठून कुठे जाते यावर पुढचा निम्मा विचार ठरतो.

त्याआधी एक शंका दूर करतो, कारण ती जवळजवळ प्रत्येक पेशंटला असते: बधिर आहे तर आग कशी होते, आणि आग होते तर बधिर कसं? दोन्ही एकाच बिघाडाची रूपं आहेत. घरातली वायर कुठेतरी झिजली की दिवाही लागत नाही आणि ठिणग्याही उडतात. नसेतले जे धागे मेले त्यांचा निरोप पोचत नाही, तो बधिरपणा. जे धागे जखमी पण जिवंत आहेत ते कारण नसताना निरोप पाठवत राहतात, ती आग, मुंग्या, सुया टोचणं, करंट मारल्यासारखं होणं. रात्री हे वाढतं, कारण दिवसभराच्या हालचालीचे आणि आवाजाचे निरोप थांबलेले असतात आणि मेंदूकडे ऐकायला हेच उरतं. चादरीचा स्पर्शसुद्धा सहन होत नाही असं सांगणारे पेशंट खोटं बोलत नसतात.

त्यामुळे 'उष्णता' हा शब्द अनुभवाचं वर्णन म्हणून बरोबर आहे, कारण म्हणून नाही. आग होत असताना तळव्याला हात लावून बघा. बहुतेक वेळा पाय हाताला साधाच लागतो. तो खरोखर लालबुंद आणि गरम होत असेल, गार पाण्यात घातल्यावरच थांबत असेल, तर तो वेगळा आजार असू शकतो आणि डॉक्टरांना तसं मुद्दाम सांगायला हवं. उलट पाय गार, फिका किंवा निळसर असेल तर प्रश्न रक्तपुरवठ्याचा असू शकतो. काशाच्या वाटीने तूप चोळल्यावर बरं वाटतं ते खरं आहे. चोळण्याचा स्पर्श वेदनेचा निरोप काही काळ दाबून टाकतो. सासूबाईंना नाही म्हणू नका, फक्त जोर कमी ठेवा. बधिर कातडी सोलली तरी कळत नाही.

आता रेघेकडे येतो. पहिला नकाशा: दोन्ही पाय, बोटांच्या टोकांपासून सुरुवात, मग पाऊल, मग घोटा, मोजा हळूहळू वर चढल्यासारखा. शरीरातले सगळ्यात लांब धागे कमरेजवळून निघून पायाच्या बोटापर्यंत जातात, जवळजवळ एक मीटर. त्यांचं पोषण करणारी पेशी वर, कमरेशी. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याला विचारा, वर कुठेही कमतरता झाली की पहिलं कोरडं पडतं ते त्याचंच शेत. साखर, बी-१२, दारू, थायरॉइड, मूत्रपिंड, काही औषधं, यांपैकी कशानेही संपूर्ण शरीरातल्या नसांवर ताण आला तरी पहिली तक्रार पायाच्या बोटांची असते. बधिरपणा गुडघ्याच्या जवळ पोचेपर्यंत हाताच्या बोटांनाही सुरुवात होते. याला आम्ही पेरिफेरल न्युरोपथी म्हणतो. तुमचं 'मोजा घातल्यासारखं' हे वर्णन या नकाशात चपखल बसतं. उजवीकडे थोडं जास्त असणं यात चालतं. एक पाय पूर्ण ठीक आणि एक पूर्ण बधिर, हे मात्र चालत नाही. तसं असेल तर दुसरं कारण शोधलंच पाहिजे.

दुसरा नकाशा मणक्यातून येणाऱ्या नसेच्या मुळाचा. एल-४ एल-५च्या गादीने सहसा एल-५ची नस दाबली जाते. तिचा प्रदेश म्हणजे नडगीची बाहेरची बाजू, पावलाची वरची बाजू आणि अंगठा. सोबत अंगठा वर उचलण्याची ताकद कमी होते, टाचांवर चालताना पाय पडतो. त्याच्या खालची एस-१ची नस दाबली गेली तर करंगळीची कड, तळव्याचा बाहेरचा भाग, पोटरीची मागची बाजू, आणि घोट्यामागे हातोडी मारल्यावर येणारा झटका नाहीसा होतो. दोन्हींत बहुतेकदा कंबर किंवा कुल्ल्यापासून खाली उतरणारी कळ असते, शिंकताना-खोकताना वाढणारी. एल-४ एल-५चा बल्ज दोन्ही पायांचे तळवे सारखे जाळेल हे जुळत नाही. ऑपरेशनला थांबा म्हणतोय ते याचसाठी.

एमआरआयबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. १९९४ साली अमेरिकेत ९८ अशा लोकांचा कमरेचा एमआरआय काढला होता ज्यांना पाठीची काहीच तक्रार नव्हती. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांत कुठेतरी डिस्क बल्ज निघाला. पन्नाशीतल्या माणसाच्या मणक्यात बल्ज असणं म्हणजे कानशिलावर पांढरे केस असण्यासारखं आहे. तो असतो. तक्रार त्याचीच आहे का, हे पायाने सांगायचं. 'मणक्यात गॅप' ऐकून घाबरलेली आणि दोन-दोन महिने अंथरुणावर पडून राहिलेली कितीतरी माणसं मी पाहिली आहेत, आणि दरवेळी मनाला लागतं.

चालल्यावरच त्रास होत असेल तर वेगळा विचार करावा लागतो. थोडं चाललं की पाय जड, बधिर होतात, आणि बसलं किंवा पुढे वाकलं की बरं वाटतं, सायकल मात्र कितीही चालवता येते: हे मणक्याची नळी अरुंद झाल्याचं लक्षण. नुसतं जागेवर उभं राहिल्यावरसुद्धा पोटरीची कळ थांबत असेल तर रक्तवाहिन्यांचं. दुसरा प्रकार विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेहींत जास्त. पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आत बोट ठेवून नाडी लागते का, हे कोणत्याही डॉक्टरला मिनिटभरात पाहता येतं.

एकाच पायाचा फक्त तळवा जळत असेल आणि टाच वाचली असेल, तर आतल्या घोट्याच्या मागे नस दबते का ते बघायचं. तिथे बोटाने टकटक केलं की तळव्यात करंट जातो. तिसऱ्या-चौथ्या बोटांच्या मध्ये आग आणि चपलेत खडा अडकल्यासारखं वाटत असेल तर बहुधा तिथली बारीक नस जाड झालेली असते. पुढून अरुंद असलेली पादत्राणं बदलल्यावर यातली बरीच माणसं सुधारतात. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच ठणकत असेल तर तो बहुतेक वेळा नसेचा आजार नसतो, तळव्याच्या पट्ट्याचा असतो. तास न् तास उकिडवं किंवा मांडी घालून बसणाऱ्यांत गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची नस दबून पाऊल लटकं पडतं. भाजी निवडणाऱ्या, निंदणी करणाऱ्या बायकांमध्ये मी हे पाहिलं आहे.

आणि आता तो नकाशा, ज्याबद्दल लोक बोलत नाहीत. रेघ जर मोज्यासारखी गोल न फिरता एका चकतीसारखी बंद झाली, म्हणजे एकच चट्टा बधिर आणि भोवतालची कातडी ठीक, तर कुष्ठरोग मनात आणलाच पाहिजे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांतली माझी एक चूक सांगतो. वीटभट्टीवर काम करणारा तरुण पायाची आग आणि मुंग्या घेऊन आला. खाणंपिणं यथातथाच, म्हणून मी बी-१२ची इंजेक्शनं सुरू केली. चार महिने तो प्रामाणिकपणे येत राहिला. चौथ्या महिन्यात पावलावर जखम झाली म्हणून पॅन्ट गुडघ्यापर्यंत वर करायला लावली, तेव्हा नडगीवरचा फिकट चट्टा दिसला. त्यावर कापूस लागत नव्हता. गुडघ्याच्या बाहेरची नस दोरीसारखी जाड हाताला लागली. पहिल्याच दिवशी मी पॅन्ट वर करायला लावली असती तर त्याचे चार महिने आणि पायाची थोडी ताकद वाचली असती. त्यानंतर माझ्याकडे पायाची तक्रार घेऊन आलेला माणूस गुडघ्यापर्यंत पाय उघडे केल्याशिवाय खुर्चीतून उठत नाही.

जगात दरवर्षी सापडणाऱ्या कुष्ठरोगाच्या नव्या पेशंटांपैकी निम्म्याहून अधिक भारतात असतात. वरोऱ्याजवळ १९४९ साली बाबा आमट्यांनी आनंदवन उभं केलं, तेव्हा या आजारावर आजच्यासारखा खात्रीचा उपचार नव्हता. आज आहे. सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळतं, प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने घ्यावं लागतं, आणि ते सुरू झालं की दुसऱ्याला लागण होण्याची शक्यता फार लवकर संपते. नसेची ताकद गेल्या सहा महिन्यांत कमी झाली असेल तर स्टेरॉइडने ती परत येण्याची संधी असते. उशीर झाला की ती संधी जाते. लाजेने लपवलेल्या चट्ट्याची किंमत बोटांनी चुकवावी लागते. ताई, तुम्ही शिक्षिका आहात म्हणून एक विनंती: वर्गात कोणा मुलाच्या अंगावर फिकट चट्टा दिसला तर घरच्यांशी एकट्यात बोला आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवा.

तुमच्याकडे परत येतो. तुमचा नकाशा पहिला वाटतो, म्हणून साखर आणि बी-१२ हे दोन रिपोर्ट नीट वाचू.

साखर ११२ म्हणजे मधुमेह नाही आणि नॉर्मलही नाही. उपाशीपोटी १०० ते १२५ हा मधला पट्टा. या पट्ट्यातल्या अनेकांत बारीक नसांना त्रास सुरू झालेला आढळतो, आणि आग होणं हे बारीक नसांचंच काम. एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) करा, पण एकट्या त्याच्यावर विसंबू नका. लोह किंवा बी-१२ कमी असेल तर तो आकडा फसवू शकतो, खोटा वरही येतो. मी तुम्हाला ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी करायची चाचणी सांगेन. दोन तासांनंतर १४०च्या आत म्हणजे ठीक, २०० किंवा वर म्हणजे मधुमेह. उपाशी साखर बरी आणि जेवणानंतरची भरमसाट, असे लोक आपल्याकडे पुष्कळ आहेत.

बी-१२ २३८. बऱ्याच प्रयोगशाळा २०० किंवा त्याच्या आसपास खालची रेषा आखतात, म्हणून छापील कागदावर हा आकडा 'नॉर्मल' दिसतो. पण २०० ते ३०० हा संशयाचा पट्टा आहे. रक्तात आकडा बरा असूनही पेशींना ते पुरत नाही असं होऊ शकतं. अशा वेळी होमोसिस्टीन किंवा मिथिलमॅलोनिक ॲसिड तपासलं की खरी कमतरता आहे का ते कळतं. तुमच्या बाजूने दोन कारणं आधीच हजर आहेत. बी-१२ वनस्पतींत नसतं. शाकाहारी माणसाला ते दूध-दह्यातून मिळतं, आणि चहातल्या दुधाने ते भागत नाही. शिवाय अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला पोटातलं ॲसिड लागतं, ते तुम्ही चार वर्षं गोळीने कमी करत आला आहात. मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही हेच घडतं, त्यांनी वर्षातून एकदा बी-१२ पाहावं. ॲसिडिटीची गोळी आता खरंच लागते का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. मनाने एकदम बंद करू नका, एकदम बंद केल्यावर जळजळ उसळते आणि माणूस पुन्हा त्याच गोळीकडे जातो.

बी-१२ मी इतकं मनावर घेतो ते केवळ पायांच्या आगीसाठी नाही. कमतरता लांबली तर मज्जारज्जूच्या मागच्या बाजूचे धागे खराब होतात आणि तोल जायला लागतो. हे पेशंट एक गोष्ट न विचारता सांगतात: चप्पल पायातून निसटते आणि कळत नाही. किंवा अंघोळ करताना डोळे मिटून साबण लावला की पडल्यासारखं होतं. कापसावर चालल्यासारखं वाटतं. यांपैकी काही तुम्हाला होत असेल तर पुढच्या तपासण्यांची वाट न पाहता याच आठवड्यात दाखवा. आणि फक्त फोलिक ॲसिडच्या गोळ्या घेऊ नका. त्याने रक्त सुधारलेलं दिसतं, नसेचं नुकसान मात्र चालू राहतं.

तीन महिने गोळ्या घेऊन फरक नाही, म्हणून बी-१२ कारण नव्हतं असं ठरत नाही. गोळीत ते किती होतं, पोटात शोषलं गेलं का, हे माहीत नाही. नसेची वाढ दिवसाला साधारण एक मिलिमीटर, म्हणजे पावलापर्यंतची दुरुस्ती महिन्यांच्या हिशेबात मोजायची. त्या गोळ्यांच्या पट्टीवरची सगळी नावं मात्र वाचा. 'नसांच्या' गोळ्यांत पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६, बहुधा असतं. त्याची मोठी मात्रा महिनोन् महिने पोटात गेली तर ते स्वतःच नसा खराब करतं, आणि लक्षणं हीच: आग, बधिरपणा, तोल जाणं. दोन-तीन डॉक्टरांच्या दोन-तीन पट्ट्या एकदम चालू असतील तर हा हिशेब कोणीच केलेला नसतो. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून एकाच डॉक्टरांसमोर ओता.

औषधांचा विषय निघाला आहे म्हणून हेही सांगतो. टीबीच्या उपचारातलं आयसोनियाझिड (याच्यासोबत बी-६ थोड्या मात्रेत मुद्दाम देतात), औषधाला दाद न देणाऱ्या टीबीतलं लिनेझोलिड, कॅन्सरची काही किमो औषधं, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, लांबवलेलं मेट्रोनिडाझोल, हे सगळे पायांना त्रास देऊ शकतात. कोणी ही औषधं घेत असेल आणि पाय जळू लागले तर औषध मनाने थांबवू नये, ज्यांनी लिहून दिलं त्यांना फोन करावा. रोजची दारू तर आहेच. आणि घटक न लिहिलेल्या पुड्या, भस्मं. आर्सेनिकने पायांची भयंकर आग होते. पुडी घेत असाल तर डॉक्टरांपासून ती लपवू नका, आम्ही रागावण्यासाठी विचारत नाही.

तपासण्यांची यादी म्हणून मी तुम्हाला एवढंच लिहून देईन: ग्लुकोजची चाचणी, एचबीए१सी, हिमोग्राम, होमोसिस्टीन, थायरॉइडसाठी टीएसएच, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, यकृताची चाचणी, आणि रक्तातल्या प्रथिनांचं इलेक्ट्रोफोरेसिस. शेवटची चाचणी बरेच जण गाळतात. पण पन्नाशीनंतर रक्तात एखादं विचित्र प्रथिन वाढून नसा खराब होतात, आणि ते वेळेवर सापडलं तर उपचार आहेत. एचआयव्हीची चाचणी विचारली तर वाईट वाटून घेऊ नका, ती कारणांच्या यादीत आहे म्हणून विचारली जाते.

मग एनसीव्ही, म्हणजे नसेतून निरोप किती वेगाने जातो ते मोजणारी चाचणी. तुमच्या बाबतीत ती उपयोगी पडेल, कारण मणका की नसा हा वाद ती बऱ्यापैकी सोडवते. घोट्याच्या बाहेरून जाणारी सुरल नावाची नस त्यात तपासतात. बिघाड मणक्यातल्या मुळाशी असेल तर सुरल नॉर्मल येते. न्युरोपथी असेल तर तिचा आकडा घसरतो. पण ही चाचणी जाड धाग्यांचीच असते. फक्त बारीक धागे बिघडले असतील तर ती स्वच्छ नॉर्मल येईल, आणि पाय तरीही जळत राहतील. अशा वेळी 'सगळं नॉर्मल आहे, टेन्शन घेऊ नका' असं ऐकून पेशंट घरी जातो आणि घरचेही मग त्याचं ऐकत नाहीत. नॉर्मल एनसीव्ही म्हणजे मनाचा खेळ नव्हे.

कारण शोधलं जात असताना झोप तर मिळायला हवी. डायक्लोफिनॅकसारख्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या या आगीवर चालत नाहीत, मूत्रपिंडाला मात्र लागतात. इथे चालतात ती वेगळी औषधं: प्रिगॅबालिन, गॅबापेंटिन, ड्युलोक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन, नॉरट्रिप्टिलिन. कोणतं निवडायचं हे माणसावर अवलंबून आहे. झोपच येत नसेल तर एक, वजन वाढण्याची भीती असेल तर दुसरं, मन उदास असेल तर तिसरं. वयस्कर पुरुषाला लघवीचा त्रास असेल किंवा हृदयाचा आजार असेल तर अमिट्रिप्टिलिन मी टाळतो. सुरुवात रात्री, छोट्या मात्रेने. पहिले काही दिवस गुंगी, प्रिगॅबालिनने पायाला सूजही येते. दोन-तीन आठवडे दिल्याशिवाय औषध फुकट गेलं म्हणू नका, आणि एकदम बंदही करू नका. ही औषधं आग कमी करतात, बधिरपणा नाही. बधिरपणा कमी व्हायचा तर तो कारणावरच्या उपचाराने, हळूहळू, आणि कधी कधी पूर्ण जातही नाही. हे पेशंटला आधीच सांगितलेलं बरं.

पाय थोडाही बधिर असेल तर तो डोळ्यांनी सांभाळायचा, कारण तो स्वतःहून सांगणार नाही. माझ्या एका पेशंटने, निवृत्त एसटी चालकाने, थंडीत पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी घेतली. सकाळी चादरीला पाणी लागलेलं दिसलं तेव्हा फोड फुटल्याचं कळलं. त्या जखमेला भरायला पाच महिने लागले. शेक, गरम पाण्याचं टब, तव्यावर तापवलेलं फडकं, सगळं बंद. पाण्याचा अंदाज कोपराने घ्यायचा. रोज रात्री तळवे आरशात बघायचे, चप्पल घालण्याआधी आत हात फिरवायचा, कुरूप ब्लेडने कापायचं नाही. उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी प्रदक्षिणा घालू नका, मोजे घाला, देव रागावत नाही. नवस अनवाणी वारीचा असेल तर मऊ तळाच्या पादत्राणांत वारी पूर्ण करा.

काही वेळा मात्र हे सगळं वाचत बसायचं नसतं, लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं असतं. बधिरपणा तासांत किंवा दोन-चार दिवसांत झपाट्याने वर चढतोय आणि पायांतली ताकद जातेय, जिना चढवेना. २०२५च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारेचे (शरीराची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते तो आजार) पेशंट एकापाठोपाठ सापडले तेव्हा अनेकांनी आधी जुलाब आणि मग पायांच्या मुंग्या हीच हकीगत सांगितली होती. त्या आजारात श्वासाचे स्नायूही अडकू शकतात. लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, खुर्चीत बसताना टेकतो तो भाग बधिर झाला, तर मणक्यात नसांचा जुडगा दबलेला असू शकतो. तिथे ऑपरेशन खरोखर तातडीचं असतं आणि मीच तुम्हाला त्या रात्री सर्जनकडे पाठवेन. एक पाय अचानक गार, पांढरा पडला आणि असह्य दुखू लागला, बोट काळं पडू लागलं, किंवा पायासोबत त्याच बाजूचा हात आणि तोंडही बधिर झालं, तरीही तेच.

तुम्हाला यातलं काही नाही असं धरून पुढचं सांगतो. आज रात्री जेवणानंतर कोणालातरी शेजारी बसवा. डोळे मिटा, त्यांना कापसाचा बोळा बोटांपासून गुडघ्यापर्यंत फिरवू द्या, पुढून, मागून, तळव्यावरून, दोन्ही पायांवर. मग फ्रीजमधला स्टीलचा चमचा तसाच फिरवा आणि गार कुठून लागायला लागतो ते सांगा. कापसाची रेघ निळी, चमच्याची लाल. भिंतीला हात लावून चार पावलं टाचांवर चाला, चार चवड्यांवर. जमलं नाही तर कोणता पाय ते लिहा. फोटो काढा, त्यावर तारीख टाका.

तो फोटो, गोळ्यांची पिशवी आणि सगळे रिपोर्ट घेऊन फिजिशियन किंवा न्युरॉलॉजिस्टकडे जा आणि म्हणा, आधी पाय बघा. टाचांवर चालता येतंय, अंगठ्यात ताकद आहे आणि रेघ दोन्ही पायांना मोज्यासारखी फिरतेय असं निघालं तर एमआरआय कपाटात ठेवा. रक्त तपासणीला दिल्यावर बी-१२ची इंजेक्शनं सुरू करायला हरकत नाही, पण रक्त आधी, इंजेक्शन नंतर. इंजेक्शन टोचल्यावर आकडा चढतो आणि मूळ कमतरता होती की नाही हे कोणालाच सांगता येत नाही. साखर मधल्या पट्ट्यात निघाली तर रोजचं चालणं आणि वजन यावर काम करायचं. बधिर पायाने चालताना बूट मऊ आणि पुढून रुंद हवेत. रेघ एल-५च्या वाटेने गेली आणि अंगठा उचलत नसेल तर सर्जनचं मत घ्या. तेव्हा त्या सल्ल्याला अर्थ असेल.

आठ आठवड्यांनी त्याच दिव्याखाली, त्याच माणसाला शेजारी बसवून पुन्हा दोन्ही रेघा काढा आणि दोन्ही फोटो शेजारी ठेवा. रेघ बोटभर जरी खाली सरकली असली तरी आपण बरोबर वाटेवर आहोत. तिथेच असेल तर अजून दोन महिने थांबू. वर चढली असेल तर पहिल्यापासून पुन्हा शोधू, आणि त्या वेळी तुम्ही लिहिलेलं 'उजव्या पायाची जरा जास्त' हे मी सगळ्यात आधी विचारात घेईन.